गाडी काट्यावर चढते तेव्हा

स्पोर्ट्‌स कारच्या अनावरणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. धूर, लाल प्रकाश, काळं कापड सर्रकन बाजूला, आणि मग सूत्रसंचालक अश्वशक्तीचा आकडा असा सांगतात, जणू आत्ताच स्वतः मोजून आलेत. 2012 च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांच्या ‘अवंती’साठी खुद्द अमिताभ बच्चन हजर होते. मार्च 2017 मध्ये टाटांनी जिनिव्हात ‘रेसमो’ दाखवली. तीन सिलिंडर, 190 पीएस, इंजिन सीटच्या मागे. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. वजनाचा प्रश्न अशा वेळी विचारायचा नसतो. लग्नात नवरीचं वय विचारल्यासारखं होतं ते. तो प्रश्न नंतर पडद्यामागे निघतो, आणि तिथे त्यावरून भांडणं होतात.

रेसमोचं पुढे काय झालं तेही सर्वांना ठाऊक आहे: हिशेब जमेना, प्रकल्प गुंडाळला. पण त्याआधी ती ‘फोर्झा होरायझन 3’ या व्हिडिओ गेममध्ये दाखल झाली होती. त्यामुळे आमच्या पिंपरीवाल्या टाटांची ही स्पोर्ट्‌स कार पळवल्याचा दावा करणारे लोक जगभर सापडतात. सगळे सोफ्यावर बसलेले.

माहितीपत्रकातलं वजन हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘ड्राय वेट’ म्हणजे कोरडं वजन. टाकीत पेट्रोल नाही, इंजिनात ऑइल नाही, रेडिएटरमध्ये पाणी नाही. फेरारीसारख्या घराण्यांना हा आकडा फार प्रिय. वर ‘हलक्या वजनाचे पर्यायी भाग बसवल्यास’ अशी बारीक टीपही असते. उलट युरोपच्या सरकारी कागदावर ‘चालण्यास तयार’ गाडीत 90 टक्के इंधन धरतात आणि 75 किलोचा ड्रायव्हरही बसवतात. एकाच गाडीच्या दोन कागदांत सव्वाशे-दीडशे किलोंचा फरक पडतो आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. कोरडी गाडी चालवत शोरूमबाहेर आलेला ग्राहक मात्र मी अजून पाहिलेला नाही.

माझं पडद्यामागचं दर्शन मात्र याहून फार खालच्या पायरीवरचं, चऱ्होलीतल्या एका शेडमधलं. चऱ्होली बुद्रुक 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहताहेत, पण आतल्या गल्ल्यांत अजून पत्र्याच्या शेड टिकून आहेत. त्यांतल्या एकीत अभियांत्रिकीची मुलं एकआसनी रेसकार बांधत होती. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा होते, तिथे ती न्यायची होती. मी सल्लागार. म्हणजे चहाचे पैसे देणारा.

गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली तेव्हा सगळ्यांना वजनाची घाई झाली. चारही चाकांखाली ठेवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड महाग असतात, ते आमच्याकडे नव्हते. कुणीतरी म्हणालं, मोशीच्या बाजूला भुईकाटे काय कमी आहेत? छोटा हत्ती केला, गाडी वाळूच्या ट्रकांच्या रांगेत उभी केली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली: 110. मग फक्त मागची: 120. मग अख्खी गाडी: 240. कॅप्टनने तिन्ही पावत्या शेजारी-शेजारी धरल्या. 110 आणि 120 ची बेरीज 230 होते हे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातही खरं असतं. काटेवाल्याने खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. काटा दहा-दहा किलोंनी पुढे सरकणारा, आणि किमान वजन 200 किलो. म्हणजे अर्धी गाडी त्याच्या लेखी काट्यावर चढलीच नव्हती. ‘दहा किलो तर वाळूवाले रस्त्यावर सांडतात,’ तो म्हणाला. त्या पावत्यांवरून पुढे-मागे भाराचं प्रमाण 46:54 पासून 50:50 पर्यंत काहीही निघू शकत होतं. मुलांनी विभागप्रमुखांना दाखवण्यासाठी त्यातलं सर्वांत देखणं प्रमाण निवडलं. पावतीवर ‘माल’ या रकान्यात काटेवाल्याने ‘भंगार’ लिहिलं होतं, तो भाग अंगठ्याखाली झाकून.

मग शेजारच्या कॉलेजच्या टीमकडून पॅड उसने आणले. शेजारी म्हणजे प्रतिस्पर्धी. पण पॅड उसने देतात, कारण उद्या त्यांनाही वेल्डिंग मशीन लागतं. पॅडवर गाडी चढवली की प्रत्येक चाकावर किती भार आहे ते वेगळं कळतं. पुढच्या दोघांची बेरीज भागिले एकूण, की पुढचा टक्का. एका पुढच्या चाकाची आणि त्याच्या तिरक्या मागच्या चाकाची बेरीज, की कर्णाचा टक्का. तो 50 च्या आसपास हवा, नाहीतर गाडी डावीकडे गुणी आणि उजवीकडे हट्टी होते. आमचा आला 53. स्प्रिंगखालच्या रिंगा फिरवून-फिरवून मुलांनी तो 50 वर आणला. गाडी ढकलून बाहेर नेली, वळवली, तोंड काटकोनात फिरवून परत चढवली. 47.

संशय अर्थातच शेजाऱ्यांवर. पॅड बिघडवून दिले, केबलींची अदलाबदल केली, सगळे आरोप झाले. एकाच मुलाला चारही पॅडवर पाळीपाळीने उभं केलं, चारही ठिकाणी त्याचं वजन तेच भरलं. तेवढ्यात बाजूच्या इमारतीवर काम करणारे एक गवंडी मामा पाणी प्यायला आले. त्यांनी जमिनीकडे बघितलं, कुणाकडे न बघता बाहेर गेले आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आले. मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने जमीन सपाट ठरवली होती. नळीतलं पाणी ऐकेना. एका कोपऱ्यात चाकाखाली चार मिलिमीटर उतार होता. ऐकायला काहीच नाही, पण रेसकारच्या ताठ स्प्रिंगांवर तेवढ्यानं एकेका चाकाचा भार दोन-तीन किलोंनी इकडचा तिकडे होतो. ‘उतार कुणी ठेवला हा?’ कॅप्टन चिडला. ‘पूर्वी गोठा होता इथं,’ मामा म्हणाले, ‘उतार नाय ठेवला तर गोमूत्र कुठं जाईल?’ मुलांनी आठवडाभर गाडी नव्हे, गोठा ट्यून केला होता. फरशीचे तुकडे आणि पत्र्याच्या पट्ट्या घालून मामांनी चारही जागा पाणसळीत आणून दिल्या, आणि बदल्यात गाडीत बसून फोटो काढून घेतला. त्या फोटोत गाडीच्या वजनाचं प्रमाण काय असेल ते देवाला ठाऊक, मामा चांगले नव्वदीतले होते. किलोंच्या.

स्प्रिंगच्या रिंगांबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रिंगा फिरवल्या की भार एका कर्णावरून दुसऱ्या कर्णावर जातो. पुढचा-मागचा हिशेब मात्र जागचा हलत नाही. तो बदलायचा तर एखादी जड वस्तू उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. आमचा सस्पेन्शनप्रमुख पुढचा 47 टक्के भार कमी करायला रात्रभर रिंगा फिरवत बसला. सकाळी 47 टक्केच. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने नाकातली चार किलोंची बॅटरी काढून सीटच्या मागे बांधली आणि सव्वा टक्का हलवून दाखवला. पण आता बॅटरीची जाड तांब्याची वायर लांबली. वजन कमी करणाऱ्या गटाने त्याच संध्याकाळी तिला निषेधाचा ईमेल पाठवला, प्रत सल्लागारांना.

हा वजन कमी करणारा गट म्हणजे प्रत्येक टीममधले साधू. ब्रॅकेट दिसलं की भोक पाड, बोल्ट दिसला की मागून काप. एकाने तर स्टिकर लावण्यावर बंदी आणा म्हणून सांगितलं, मग स्टिकरच्या जागेचे पैसे कोण देतं याची त्याला आठवण करून द्यावी लागली. महिन्याभराची ही तपश्चर्या फायबरच्या बॉडीला पुट्टी भरणाऱ्या पेंटरने दोन दिवसांत भरून काढली. तीही बहुतेक नाकावर.

रंगाच्या वजनाची सर्वांत प्रसिद्ध कथा मर्सिडीजची. मर्सिडीज आधी पिंपरीत टाटांच्या आवारात आणि 2009 पासून चाकणला, त्यामुळे ही कथा या पट्ट्यात घरच्यासारखी सांगतात. जून 1934, न्यूर्बर्गरिंग, मर्यादा 750 किलो. गाडी भरली 751. मग रात्रभर पांढरा रंग खरवडला, खालचा ॲल्युमिनियम चमकला आणि ‘सिल्व्हर ॲरो’ जन्मली. संघव्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउर यांनीच आठवणींत लिहून ठेवल्यावर शंका कोण घेणार? इतिहासकारांनी घेतली. ती शर्यत वजनमर्यादेच्या नियमाखाली झालीच नव्हती, आणि मर्सिडीजची गाडी त्याआधीच्या छायाचित्रांतही चंदेरी दिसते. म्हणजे जगातला सर्वांत गाजलेला एक किलो बहुधा काट्यावर भरलाच नाही.

खरोखर भरलेल्या किलोंच्या कथा अधिक मजेदार आहेत. 1984 मध्ये टिरेल संघाच्या गाड्या शर्यतभर हलक्या पळायच्या आणि शेवटी इंजिनात फवारायचं पाणी भरायला पिटमध्ये यायच्या. पाण्याबरोबर टाकीत शिशाचे छर्रे जायचे, काट्यावर वजन बरोबर. डेट्रॉइटनंतर भांडं फुटलं आणि संघाला अख्ख्या हंगामातून बाद केलं. त्याआधी टाकीच्या नळीतून उडणारे छर्रे शेजारच्या संघांच्या पिटमध्ये पडायचे म्हणतात. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांच्याच हाती झाडू.

2024 च्या जुलैमध्ये बेल्जियमच्या स्पा शर्यतीत जॉर्ज रसेल पहिला आला. पेट्रोल काढून गाडी मोजली: 796.5 किलो, हवे होते 798. एकाच टायरबदलावर शर्यत काढल्याने टायर झिजले होते. एरवी शर्यत संपली की ड्रायव्हर सावकाश फेरी मारतात आणि ट्रॅकवर पडलेलं रबर टायरला चिकटवून घेतात, तेवढंच वजन वाढतं. स्पात ट्रॅक इतका लांब की संपल्यावर ती पूर्ण फेरी मारतच नाहीत. पहिला नंबर गेला तो थेट त्याचाच सहकारी हॅमिल्टनकडे. दीड किलोनं ट्रॉफी घरातल्या घरातच हलवली.

ड्रायव्हरच्या वजनाचं राजकारण तर विचारू नका. आमच्याकडे दोन होते, एक 58 किलोंचा आणि एक 79. काट्यावर गाडी मोजताना सीटवर कोण बसणार यावरच पहिलं भांडण, कारण जो बसेल त्याच्या मापाने गाडी जुळणार. फॉर्म्युला वनने हा तंटा 2019 मध्ये मिटवला: ड्रायव्हर आणि सीट मिळून तेव्हा किमान 80 किलो, कमी पडेल तेवढं वजन त्याच्याच कॉकपिटमध्ये बांधायचं. त्याआधी उंच मंडळी अक्षरशः उपाशी राहायची. आमच्या 79 वाल्याला तडजोड म्हणून एकादशी धरायला लावली. आळंदी शेजारीच, वातावरण अनुकूल. द्वादशीला तो 80 भरला. साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, वर राजगिऱ्याची चिक्की.

कोइम्बतूरला निघायच्या आदल्या रात्री शेवटची मोजणी झाली. मागचं उजवं चाक दीड किलोनं जास्त दाखवू लागलं. त्याच आठवड्यात आमचा टॉर्क रेंच हरवला होता, आणि पॅड न्यायला-आणायला येणाऱ्या शेजारच्या टीमनेच तो ढापला, हे शेडमध्ये सर्वानुमते ठरलेलं होतं. त्यांच्या ग्रुपवर एक-दोन टोमणेही गेले होते. इकडे वाढलेला दीड किलो कुणाला सापडेना. टायरमधली हवा पाहिली, पॅड बदलून पाहिले, पाणसळीची नळीही पुन्हा आली. शेवटी इंजिनखालचा पत्रा सोडवला तर आत रेंच, निवांत आडवा पडलेला. माफी मागायला कोण जाणार यावर चर्चा झाली आणि रेंचला निळा रंग मारावा असं ठरलं. कुणी विचारलंच तर नवा घेतला म्हणायचं. सकाळी शेजारी आपले पॅड न्यायला आले. ओला निळा रंग त्यांनी पाहिला, पण काही बोलले नाहीत. टेम्पोत पॅड चढवायला मी हात लावला, तेव्हा आत आमचा जानेवारीत गेलेला जॅक दिसला. हिरव्या रंगात.