संवेदक फेरफार (मोटारसायकल)
संवेदक फेरफार म्हणजे मोटारसायकलच्या संवेदकाच्या तारेत रोधक जोडून ईसीयू या इंजिन नियंत्रक संगणकाला चुकीचे मापन पुरवणे होय.

हवेचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा रोध तापमान वाढल्यावर घटतो. त्याला एकसर जोडणीत रोधक जोडल्यास एकूण रोध वाढतो. ईसीयू हवा अधिक थंड समजून जास्त इंधन सोडतो.

धोके
* जादा इंधनाने सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुतला जाऊन झीज वाढते आणि स्पार्क प्लगवर काजळी साचते.
* न जळालेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात जळाल्याने तो अतितप्त होतो.
* काही संवेदकांना ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा असतो. जोडकामात त्याची तार उघडी पडून सांगाड्याला टेकल्यास धावत्या वाहनाचे इंजिन अचानक बंद पडू शकते.

ऑक्सिजन संवेदक मिश्रणातील चूक काही अंशी भरून काढतो. मात्र थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ही दुरुस्ती सहसा थांबते.