बार्बाडोसला जाताना भीती कशाची बाळगावी?

बार्बाडोसला जायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो लुटालुटीचा आणि दुसरा शार्कचा. शार्कचे हल्ले तिथे अतिशय दुर्मीळ. लुटालुटीबद्दल बोलायचं, तर कॅरिबियन हा एक देश नाही. जमैका आणि त्रिनिदादमध्ये टोळ्यांचा हिंसाचार गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्रिनिदादला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. बार्बाडोसमध्येही गोळीबार होतात, पण ते मुख्यतः टोळ्यांच्या आपसांतल्या वैरातून. पर्यटकाला फटका बसतो तो बहुतेकदा वाळूवर पिशवी ठेवून पाण्यात उतरल्याचा. रात्री निर्जन किनाऱ्यावर फिरू नये, एवढं पाळलंत तरी बराचसा धोका टळतो.

खरी काळजी समुद्राची घ्यायला हवी. ‘कॅरिबियन समुद्र म्हणजे तळ्यासारखा शांत’ हे पश्चिम किनाऱ्यापुरतं बरंचसं खरं. पूर्वेला बाथशेबाला मात्र अटलांटिक आहे. आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे लाटा थेट येऊन आदळतात आणि परतीच्या पाण्याला जबरदस्त ओढ असते. स्थानिक लोक तिथे ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या उथळ डोहांत डुंबतात. पोहायला आत जात नाहीत. पाण्याने ओढलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल, तर तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

दुसरा धोका सावलीतला. किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं आहेत. तकतकीत पानं, हिरवट-पिवळी, छोट्या सफरचंदासारखी फळं, वासही गोड. या झाडाचा चीक अंगाला लागला तर बिबा उतल्यासारखे फोड येतात. फळ चाखलं तर तोंड-घसा भाजून निघतो. पाऊस आला म्हणून त्याच्या आडोशाला उभं राहणं तर सर्वांत वाईट, कारण पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात चीक उतरतो. अनेक झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टा किंवा शेजारी पाटी असते, सगळ्यांवर नसते. मुलांना हे झाड आधी फोटोत दाखवूनच न्या.

‘आपण सावळे, आपल्याला ऊन काय करणार?’ असं म्हणू नका. हे बेट चेन्नईच्याच अक्षांशावर, साधारण १३ अंश उत्तरेला आहे, पण वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि त्वचा भाजल्याचं संध्याकाळी कळतं. मलेरियाची भीती नको. डेंग्यूची हवी, आणि तो डास दिवसा चावतो. नळाचं पाणी खुशाल प्या.

मासेखाऊंसाठी एक गोष्ट. ‘ताजी मासळी नीट शिजवली की झालं’ हे प्रवाळखडकांवरच्या मोठ्या शिकारी माशांना, विशेषतः बॅराकुडाला, लागू नाही. त्यांच्यात सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून जात नाही, बर्फात ठेवूनही नाही. ऑइस्टिन्सला शुक्रवारी रात्री तळून मिळणारा उडता मासा खुल्या समुद्रातला, तो बिनघोर खा.

‘बार्बाडोस पूर्वेला, वादळं तिथे येत नाहीत’ असंही सांगतात. जून २०२४ च्या अखेरीस ब्रिजटाऊनमध्ये विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल चक्रीवादळामुळे तिथेच अडकला आणि ४ जुलैला दिल्लीत पोचला. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, तरी मच्छीमारांच्या बोटी फुटल्या. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेला विमा साधारणपणे त्याची भरपाई देत नाही, तेव्हा तिकिटासोबतच विमा काढा.

लष्करी छापाचे कपडे, टोपी, पिशवी नेऊ नका. बार्बाडोसमध्ये ते लहान मुलांनीही वापरणं बेकायदा आहे. आणि याच सहलीत त्रिनिदादही करणार असाल, तर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घ्या. तिच्या प्रमाणपत्राशिवाय त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेलं जाऊ शकतं.