चित्रातल्या खेकड्याचे पाय

सुरतेजवळ तापीच्या मुखाशी हजीरा आहे. त्या बाजूच्या खाजणांत ओहोटी लागली की निवट्या पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर सरपटतात. जातीने मासे असूनही ओल्या कातडीतून त्या हवेतील प्राणवायू घेतात. हे ज्या मुलाने पाहिले, त्याच्या पुस्तकात ‘मासा पाण्याबाहेर क्षणभरही जगत नाही’ असे छापले तर काय होईल? पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडेल. किंवा, त्याहून वाईट, स्वतःच्या डोळ्यांवरचा.

१९३९ साली भारतात आलेल्या मारिया माँटेसरीबाईंचे सांगणे हेच होते, की बालकास आधी खरे जग द्यावे, कल्पित मागून. त्याच वाटेने चालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली याच किनाऱ्यावर, दक्षिणेस बोर्डी येथे, खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले.

गोष्टीतला कोल्हा खुशाल बोलो. ज्ञानाच्या पुस्तकातील खेकड्यास मात्र दोन नांग्या व आठ पाय असावेत, आणि त्याने आडवेच चालावे.

परमेश्वराने प्राणी आदामापुढे आणले, ते नावे देण्यासाठी. नीट पाहिल्यावाचून नाव कसे देणार? म्हणून पालकांस आमची विनंती, की पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील एक तरी चित्र ओळखीच्या प्राण्याशी ताडून पाहावे.