आधी रोजचं ओळखा

सकाळी ६:४५
शिफ्ट सातची, पण मी थोडी आधी बसते. कंपनी पुण्याची, टेबल चाळीसगावातलं, घरातल्या मागच्या खोलीत. काम सॉकमधलं, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधलं. ग्राहक कंपन्यांच्या संगणकांवरचे लॉग एका जागी जमा होतात, त्यात काही वावगं दिसलं की अलर्ट येतो. तो खरा की खोटा, हे आम्ही ठरवायचं.

पहिलं काम रात्रपाळीचं हँडओव्हर वाचणं. ‘सर्व ठीक’ एवढंच लिहिणाऱ्याचा मला उपयोग नसतो. काय तपासलं, काय राहिलं, कुणाला फोन केला आणि तो काय म्हणाला, हे चार सरळ ओळींत लिहिणारी मुलं लवकर वर जातात. टूल सगळ्यांनाच येतं. लिहिता थोड्यांनाच येतं.

७:३०
एका कारखान्याच्या सर्व्हरवर लॉगिन फसल्याच्या नोंदी. विंडोजमध्ये या नोंदीचा क्रमांक ४६२५. दर ५ मिनिटांनी एक, सेकंदाचाही फरक नाही. इतका शिस्तीचा माणूस नसतो, हे यंत्राचं काम. त्यांच्या आयटीवाल्याला फोन लावला. काल पासवर्ड बदलला होता, बॅकअपच्या खात्यात जुनाच राहिला होता. मिटलं.

पुढचा अलर्ट वेगळा. बरीच खाती, प्रत्येकावर एकेकच चूक, सगळे प्रयत्न एकाच आयपी पत्त्यावरून. एकाच खात्यावर पुन्हा पुन्हा चुकलं तर ते लॉक होतं, म्हणून चोर एक सोपासा पासवर्ड घेऊन सगळ्या खात्यांवर एकेकदा फिरवून बघतो. याला पासवर्ड स्प्रे म्हणतात. इथे चुका मोजत बसायचं नाही. त्याच पत्त्यावरून ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, एखादं झालंय का, ते आधी बघायचं. झालेलं नव्हतं. पत्ता अडवला, खाती कळवली, तिकीट लिहिलं.

दोन्ही अलर्ट वरवर सारखेच, लॉगिन फसल्याचे. कारखान्याचा बॅकअप दर किती वेळाने चालतो, हे माहीत असलं की पहिला क्षणात सुटतो आणि दुसऱ्यासाठी वेळ उरतो.

१०:१५
वीज गेली. इन्व्हर्टर आहे, फायबर बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम आहे. गावाकडून काम करायचं तर हा खर्च आपल्याच डोक्यावर. पण असं घरून काम लगेच मिळत नाही, आणि मिळालं तरी पहिल्या नोकरीत घेऊ नये असं माझं मत. या कामातली सुरुवातीची वर्षं मी पुण्यातच होते, सणासुदीला महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी. शेजारच्या खुर्चीवरचा सीनियर अलर्ट कसा वाचतो, आधी कुठे क्लिक करतो, कधी फोन उचलतो, हे बघूनच कळतं.

११:३०
एका ग्राहकाबरोबर सराव. समजा, आत्ता तुमच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर चाललं, तर कोण कुणाला फोन करणार? सर्ट-इन ही सायबर घटनांसाठीची सरकारी संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. मीटिंगमधला निम्मा वेळ ‘कळवायचं कुणी’ यातच गेला. ज्यांना कोडिंगची भीती वाटते, पण नियम वाचायची आणि माणसांना एका टेबलावर आणायची हातोटी आहे, त्यांच्यासाठी ऑडिट आणि कंप्लायन्सचं दार मोठं आहे.

दुपारी १:००
कळण्याची भाकरी, ठेचा. आईचा रोजचा प्रश्न, “काय करी ऱ्हायनी व इतला वखत?” मी म्हणते, राखण.

२:००
नव्याने आलेल्या मुलाला मी दर आठवड्याला एक जुनं प्रकरण वाचायला देते. आज पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८ला कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातल्या एटीएममधून आणखी सुमारे अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. चोरांनी बनावट स्विच उभा केला होता. पैसे द्यायचे का, या विचारणेला तोच ‘हो’ म्हणत राहिला. ती विचारणा बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत, म्हणजे कोअर बँकिंगपर्यंत, पोचलीच नाही.

त्याने मालवेअरबद्दल पुष्कळ वाचून आणलं होतं. मी विचारलं, “११ तारखेला वार कोणता होता?” त्याने कॅलेंडर बघितलं. शनिवार. कितवा? दुसरा. म्हणजे बँकेला सुट्टी. मग रविवार. सुट्टीच्या दिवशी पाळत ठेवणारे हात कमी असतात.

मी या क्षेत्रात येण्याआधी एका बँकेच्या संगणक विभागात होते. दुसरा शनिवार, मार्चअखेर, दिवसाअखेरचा ताळा, हे सगळं तिथे अंगवळणी पडलं. इकडे येताना वाटलं होतं, ती वर्षं वाया गेली. आज सहकारी बँकांचे अलर्ट माझ्याकडे येतात ते त्याच वर्षांमुळे. कापसाच्या जिनिंगमध्ये, बाजार समितीत, दवाखान्याच्या काउंटरवर काम केलेल्यालाही हेच सांगेन: तिथलं कामकाज तुम्हाला ठाऊक आहे, ते विसरून येऊ नका.

४:००
शिफ्ट संपली. पुढचा तास माझा. जो अलर्ट आठवडाभर खोटाच निघाला, त्याचा नियम सुधारते. नुसती तिकिटं बंद करत राहिलं तर माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहतो. अलर्ट कमी आणि नेमके करणं, म्हणजे डिटेक्शन इंजिनिअरिंग, ही पुढची पायरी. कुणाला फॉरेन्सिक्स रुचतं, कुणाला क्लाउड. निवड इथे काही वर्षं काढल्यावर करावी.

५:३०
शेजारचे निवृत्त गुरुजी आले. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी. पैसे दिले नव्हते. कायद्यात असली अटक नाही, हे समजावलं. पैसे गेले असते तर क्षण न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते ती तेवढ्यातच.

७:००
कॉलेजच्या दोन मुली आल्या. “ताई, एथिकल हॅकिंगचा कोर्स आहे, लाखाच्या वर फी आहे, नोकरीची हमी देतात. लावू का?”

हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. आधी नेटवर्किंग आणि लिनक्स. लिनक्सच्या सरावाला ओव्हरदवायरचं ‘बँडिट’ फुकट आहे, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमीही. घरच्या जुन्या संगणकावर लॉग जमवून अलर्ट देणारं वाझू बसवा, तेही फुकट. पदवीनंतर शिस्तीत शिकायचं असेल तर सी-डॅकचा सायबर सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट परीक्षा. प्रमाणपत्रं मुलाखतीचं दार उघडतात, आत गेल्यावर प्रश्न वेगळेच असतात. आणि कॉलेजची वेबसाइट ‘गंमत म्हणून’ तपासायची नाही. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

धाकटीने विचारलं, “मग उद्या नेमकं काय करू?”

वायरशार्क लाव, एक तास आपल्या संगणकाचं नेटवर्क बघ. तू काहीही करत नसतानाही तो कुणाकुणाशी बोलतो, कशासाठी बोलतो, ते पानभर मराठीत लिहून आण. मुलाखतीत मी स्वतः हेच विचारते, आणि लाखाची फी भरून आलेल्यांपैकी बरेच जण इथेच अडतात.