दाते आणि पट्टा

सकाळी सव्वासहा

स्टेडियमला फेऱ्या मारून जबलपूरच्या राइट टाउनची मंडळी घराकडे वळू लागली की मी शटर उचलतो. थंडीत पान्हा हातात धरवत नाही, म्हणून आधी चहा. आत दोन सांगाडे उभे आहेत. पोलादी नळ्यांचे, जाड टायरांचे, अंगावर पत्रा जवळजवळ नाहीच. इंजिनिअरिंगची पोरं त्यांना ‘एटीव्ही’ म्हणतात. एसएई इंडियाची ‘बाहा’ स्पर्धा २००७ पासून भरते, तिकडे इंदूरजवळच्या पिथमपूरला यातली एक गाडी न्यायची आहे. इंजिन सगळ्यांना सारखंच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, दहा अश्वशक्तीचं, मिनिटाला ३८०० फेऱ्यांवर रोखलेलं, आणि त्याला हात लावायची परवानगी नाही. मग डोकं चालवायला जागा उरते ती इंजिन आणि चाक यांच्या मधल्या हातभर अंतरात.

जुन्या सांगाड्यात महिंद्र अल्फाचा गिअरबॉक्स आहे, मालवाहू तीनचाकीचा. नव्यात पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी. कागदोपत्री निर्णय झालेला आहे, नवी गाडीच जाणार. पण संघात अजून दोन तट आहेत आणि दोन्ही तटांचा चहा माझ्याकडेच होतो.

साडेसात

पहिलं गिऱ्हाईक अ‍ॅक्टिव्हा. तक्रार नेहमीची: आवाज वाढतो, वेग वाढत नाही. व्हेरिएटर, म्हणजे पुढची पुली, उघडला. रोलर एका बाजूने घासून चपटे झालेले, पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत. हे रोलर मी फेकत नाही. सीव्हीटी समजवायला याहून चांगलं साधन नाही. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर सरकतात, पुलीचे दोन गाल जवळ येतात, पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली, त्यामुळे मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. गिअर बदलला, पण कुणी बदलला नाही.

आपल्याकडे ही करामत घरोघरी नेली ती १९८४ मध्ये सुरू झालेल्या कायनेटिक होंडाने. ती स्कूटर बनायची पिथमपूरलाच. पोरांना हे सांगितलं तर ऐकून घेतात आणि मोबाइलकडे बघतात.

नऊ

पोरं आली, पोहे-जिलेबी घेऊन. गिअरवाल्या तटाचा म्होरक्या दुसऱ्या वर्षाचा आहे, नागपूरकडचा. म्हणाला, “काका, दात्यांत ताकद वाया जात नाही. पट्ट्यात जाते. आपल्याकडे आधीच दहा घोडे.”

मुद्दा खोटा नाही. पट्टा घर्षणावर चालतो, तापतो, आणि त्या उष्णतेत दहा-पंधरा टक्के ताकद सहज जाते. चांगल्या दात्यांच्या जोडीत त्या मानाने काहीच जात नाही. पण मी खडू घेतला आणि फरशीवर अल्फाचे आकडे मांडले. डिफरन्शियल धरून पहिला ३१.४८, दुसरा १८.७, तिसरा ११.४, चौथा ७.३५. टायर २३ इंचांचं. इंजिन ३८०० वर असताना पहिल्यात ताशी १३ किलोमीटर, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ३७, चौथ्यात ५७.

“आता पहिल्यातून दुसऱ्यात टाक. इंजिन कितीवर येतं?”

त्याने गुणाकार-भागाकार केला. २२५७.

म्हणजे चढावर, जिथे ताकद हवी नेमकी तिथे, इंजिन धापा टाकत खाली येतं. शिवाय क्लच दाबून पुढचा दाता बसेपर्यंतचा अर्धा क्षण गाडी स्वतःच्या वजनाने मागे ओढली जाते. दोनशे अश्वशक्तीच्या ट्रकला हे खपतं, दहाच्या इंजिनाला नाही. हे गिअर तीनचाकीच्या मालकाचं पोट भरावं म्हणून निवडलेले आहेत, उड्या मारायला नव्हे. पोरगा गप्प झाला, पण पटलेला दिसला नाही. तेही बरंच. गणितावर लगेच विश्वास ठेवणारा मेकॅनिक मला आवडत नाही.

अकरा

नोंदणी नसलेली वाहनं रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणून दोन्ही गाड्या टेम्पोत बांधून तिलवाऱ्याच्या दिशेला. ओळखीच्याच्या मालकीची मुरमाड जागा आहे, एका बाजूला चढ, खाली ओहळ.

पावणेबारा

आधी चढ. गिअरची गाडी पहिल्यात टाकली की निमूट चढते, वेग मात्र बैलगाडीचा. दुसरा टाकायचा मोह चालवणाऱ्याला आवरत नाही, टाकला की अर्ध्यावर दम तुटतो. पुन्हा क्लच, पुन्हा पहिला. पट्ट्याची गाडी सुटली झोकात, पण वरच्या तिसऱ्या भागात तिचाही आवाज बसला. स्पार्क प्लगच्या वायरला मीटर लावून ठेवला होता. फेऱ्या २८०० च्या आसपास. पट्टा फार लवकर वर चढत होता, म्हणजे पुढच्या पुलीतली वजनं जड. हे कळलं की दिवसाचं अर्धं काम झालं.

मग उतार, आणि तिथे गिअरवाल्या तटाला खरा आनंद झाला. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. पट्ट्याच्या गाडीत फेऱ्या कमी झाल्या की पुढच्या पुलीचे गाल सुटतात, पट्टा ढिला, आणि गाडी मोकळी गडगडत खाली. सगळा भार ब्रेकवर. परदेशी कंपन्यांनी याच्यावर मार्ग काढले. यामाहाने पट्टा कायम ताणलेला राहावा म्हणून वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच बसवला, होंडाने आपल्या बऱ्याच एटीव्हींत गिअरच ठेवले, फार तर बटणावर बदलणारे. पोलारिस पट्ट्यावरच राहिली, पण पट्ट्यामागे ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन गिअर ठेवून. हे पोरांना मी मुद्दाम सांगितलं. डोंगर चढताना ‘लो’ न टाकता पट्टा घसरवत बसलं तर त्याची एक जागा जळून खड्डा पडतो, आणि मग गाडी प्रत्येक सुरुवातीला धक्का देते. म्हणजे दात्यांपासून पट्टेवाल्यांचीही सुटका नाही.

ओहळात पाणी घोट्याइतकं. गिअरला काही फरक पडला नाही. पट्ट्याच्या पेटीत शिंतोडे गेले आणि इंजिन नुसतंच ओरडू लागलं, चाकं जागच्या जागी. पाचेक मिनिटं रिकामी फिरवल्यावर पट्टा सुकला.

अडीच

जेवण. बोलणं नाही.

सव्वातीन

परतल्यावर दारात लष्करी जोंगा उभी. लिलावात घेतलेली, हिरवा रंग अजून जागोजाग टिकलेला. ट्रान्सफर केसचं तेल बदलायचं. ही गाडी आमच्या व्हेईकल फॅक्टरीची, निस्सान पॅट्रोलच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरांची. मी त्या फॅक्टरीतूनच निवृत्त झालो, म्हणून हिच्याखाली झोपायला मला वयाची अडचण येत नाही. पोरांनी दांडे हलवून पाहिले. ‘लो’ पल्ला टाकून ही गाडी चालण्याच्या वेगाने खडक चढते आणि तशीच उतरते. आज लष्कर सीमेवर पोलारिसच्या एटीव्हीही वापरतं, त्यात पट्टा आहे. सैनिकाला दोन्ही हात हँडलवर हवेत, हे कारण मला पुरेसं वाटतं. पण जोंगा बिघडली तर जबलपूरच्या कुठल्याही बोळात नीट होते.

साडेचार

आजचं मुख्य काम. पुढची पुली उघडली. वजनं हलकी केली, म्हणजे तेवढाच जोर यायला इंजिनाला जास्त फिरावं लागेल, पट्टा उशिरा चढेल. पोरांना लगेच स्प्रिंगही कडक करायची होती. मी नको म्हटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. ही शिस्त गिअरच्या गाडीला लागत नाही. तिथे चालवणारा चुकतो, लगेच कळतं, लगेच सुधारतो. पट्ट्याच्या गाडीचे गिअर मात्र आदल्या दिवशी, टेबलावर, ग्रॅमच्या काट्यावर बदलले जातात. मैदानात चालवणाऱ्याच्या हाती फक्त अ‍ॅक्सिलरेटर. चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत त्याला वाटलं तरी काही करता येणार नाही. म्हणून ज्या संघाकडे सरावाला महिना आहे त्याने पट्टा घ्यावा. ज्याच्याकडे आठवडाच उरलाय त्याने अल्फा बसवावा आणि गुपचूप शर्यत पुरी करावी. आमच्याकडे जेमतेम महिना आहे.

मागच्या पुलीचे गाल पुसले, बोटांचं तेल लागू नये म्हणून कापड गुंडाळून पट्टा चढवला. स्टँडवर चाकं उचलून चालवली. फेऱ्या ३५०० ला टेकून राहिल्या, चाकांचा वेग मात्र वाढत गेला. स्टँडवरचं यश फसवं असतं, चढावर पुन्हा न्यावी लागेलच.

सात

पट्ट्याच्या पेटीची जोडणी सिलिकॉनने बंद केली, हवा घ्यायची नळी सीटच्या मागे उंच नेली, तळाला पाणी सोडायचं बूच. नागपूरकडच्या पोराने पाइपने पाणी मारून पाहिलं. मन लावून मारलं, गळावं अशीच त्याची इच्छा होती. गळलं नाही.

साडेआठ

पिथमपूरला न्यायच्या सामानाची यादी. पट्टे तीन, त्यातला एक आधी तासभर चालवून मुरवलेला. वजनांचे दोन संच, पाकिटावर ग्रॅम लिहून. दोन्ही स्प्रिंगा, ब्रेक पॅड जादा. म्होरक्याने विचारलं, अल्फाचा गिअरबॉक्स सोबत टाकू का. मी म्हटलं, “टाक की. पण तो बसवायचे माउंट कुठे केलेत नव्या सांगाड्यावर?” उद्या सकाळी वेल्डरला बोलावलंय.