घळई-अवरोहणातील स्थिर आधार

खोल व अरुंद घळईतून दोराच्या साहाय्याने उतरताना दोर अडकविण्यासाठी खडकात कायमची बसविलेली साधने. खडकाला छिद्र पाडून घट्ट केलेले बोल्ट व त्यांना जोडलेल्या धातूच्या कड्या वा साखळ्या ही त्यांतील प्रमुख होत. या क्रीडाप्रकारास अमेरिकेत कॅन्यनिअरिंग, तर यूरोपात कॅन्यनिंग म्हणतात. सार्वजनिक भूमीवर असे आधार कोणी, कोठे व किती बसवावेत, हा त्यातील एक प्रमुख नैतिक प्रश्न आहे.

प्रस्तरारोहकाला बहुधा मागे फिरता येते. घळईत मात्र एक टप्पा उतरल्यावर दोर खाली ओढून घेतात आणि परतीची वाट बंद होते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर भरवशाचा आधार लागतो. झाड, कपारीत अडकलेली शिळा किंवा दगडांच्या राशीखाली पुरलेला धोंडा हे नैसर्गिक आधार होत. त्यांना नायलॉनची पट्टी बांधून तीतून दोर ओवतात.

बोल्टला विरोध करणाऱ्यांच्या मते खडकाला पाडलेले छिद्र बुजत नाही. एका व्यक्तीच्या सोयीचा निर्णय पुढील सर्वांवर लादला जातो. शिवाय वाट सुलभ झाल्याने अननुभवी लोकांची गर्दी वाढते. तथापि बोल्ट टाळल्याने घळई अक्षत राहतेच असे नाही. यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानातील अनेक घळया नॅव्हाहो वालुकाश्मात कोरल्या गेल्या आहेत. हा खडक मऊ असल्याने दूरच्या झाडाला बांधलेला दोर कड्याच्या काठावरून वारंवार ओढला गेला, की तेथे खोल खाचा पडतात. झाडांच्या साली सोलल्या जातात, तर मागे राहिलेल्या पट्ट्या उन्हाने कमजोर होतात. योग्य जागी बसविलेला बोल्ट ही हानी कमी करू शकतो. मात्र पुराच्या लोंढ्याने तोही वाकतो वा सैल होतो. यांवर उपाय म्हणून वाळूने भरलेल्या कापडाच्या किंवा पाण्याने भरलेल्या पिशवीच्या भारावर दोर पेलतात व शेवटचा मनुष्य उतरल्यावर ती खालून ओढून घेतात. यात मागे काहीच उरत नाही. परंतु त्यासाठी मोठे कौशल्य लागते व चूक प्राणघातक ठरू शकते.

अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमानुसार संरक्षित वन्यप्रदेशात यांत्रिक शक्तीवर चालणारी साधने व कायमची उभारणी यांना सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून तेथे विजेरीवर चालणारे छिद्रणयंत्र वापरता येत नाही. झायन उद्यानाचा बहुतांश भाग २००९ मध्ये वन्यप्रदेश म्हणून घोषित झाला. स्थिर आधार ही ‘उभारणी’ ठरते काय, याविषयी मतभेद होते. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या २०१३ च्या आदेशाने त्यांचा क्वचित वापर मान्य केला. २०२३ च्या मसुद्यात त्यांना निषिद्ध उभारणीत गणून केवळ अपवाद म्हणून परवानगी देण्याचे योजिले होते. आरोहकांच्या विरोधानंतर तो अंमलात आला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने वन्यप्रदेशातील आरोहणासाठी स्थिर आधारांचा वापर, वन्यप्रदेश अधिनियमाच्या अधीन राहून, उचित मानला.

कायद्याने परवानगीचा प्रश्न सुटला, तरी जबाबदारीचा सुटत नाही. भूमीचे व्यवस्थापक सामान्यतः आधारांची तपासणी करीत नाहीत. बोल्ट बसविणारा निघून जातो आणि त्यावर जीव सोपविणारा त्याला ओळखत नसतो. म्हणून प्रत्येक आधार स्वतः पारखून घेणे, निकामी पट्ट्या काढून नेणे आणि ज्या पर्यायाने घळईवर सर्वांत कमी खूण उरेल तो निवडणे, हे अवरोहकाचे कर्तव्य समजले जाते.