सतरंजीवर मांडलेलं घर

वकीलबाईंनी चहा नको म्हटलं आणि सतरंजी मागितली. कोथरूडच्या आमच्या बैठकीत ती अंथरून त्यांनी बाबांच्या फाईलची दोरी सोडली आणि एकेक कागद सालाप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडत गेल्या. १९८६, बिल्डरने पहिल्या मालकांना करून दिलेला करार. १९९४, त्या मालकांकडून बाबांनी घेतलेल्या घराचं खरेदीखत. भोगवटा पत्र. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. २०१९ सालचा बाबांचा मृत्यूचा दाखला. मग त्यांनी करार आणि खरेदीखत, दोन्ही उचलून पालथे ठेवले, कारण त्या झेरॉक्स होत्या. आणि मृत्यूच्या दाखल्यानंतर वीतभर जागा मोकळी सोडली.

"काकू, मूळ कागद कुठे आहेत? आणि इथे काय आहे?" मोकळ्या जागेवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

आईने शेअर सर्टिफिकेट पुढे केलं. पन्नास रुपयांचे पाच शेअर, दर्शनी किंमत अडीचशे. मागच्या बाजूच्या तक्त्यात बाबांच्या नावाखाली तिचं नाव चढलेलं, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांसकट. बाबांनी तिचं नॉमिनेशन केलं होतं, सोसायटीने त्यावरून सर्टिफिकेट तिच्या नावावर करून दिलं होतं. आता घर विकायचं होतं आणि आमच्या दृष्टीने ते तिचं झालं होतं.

तसं ते होत नाही. नॉमिनीने घर वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं. नॉमिनेशनने वारसांचे हक्क पुसले जात नाहीत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली यांना सारखा वाटा मिळतो आणि त्याची आई हयात असेल तर तिलाही. वकीलबाईंचा पुढचा प्रश्न तोच होता. "साहेब गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या?" आजी बाबांच्या आधी चार वर्षं गेली होती. ती तेव्हा असती आणि नंतर गेली असती, तर तिच्या वाट्यावर आज दोन काका आणि एक आत्या यांचा हक्क असता आणि तिघांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या. हा एक प्रश्न मी आता घर विकायला निघालेल्या प्रत्येकाला विचारते.

मोकळी जागा भरायला नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागलं. मी आणि भावाने आपापले वाटे आईच्या नावे सोडले. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता वारसाहक्क सोडला तर मुद्रांक नाममात्र असतो. पण याच कागदावर आपल्याकडे किती बहिणींनी दिवाळीला माहेरी आल्यावर न वाचता सह्या केल्या आहेत! म्हणून मी मुद्दाम लिहिते: काय सोडतोय, कोणाच्या नावे सोडतोय, हे ओळ न् ओळ वाचून मगच सही करा. भाऊ जर्मनीत. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून मामांच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवलं. असं परदेशात केलेलं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. आमचं पाकीट पंधरा दिवस मामांच्या कपाटात पडून होतं. मुदत टळली नाही, इतकंच.

पालथ्या कागदांची गोष्ट वेगळी होती. बाबांचं गृहकर्ज २००४ मध्येच फिटलं होतं, मूळ कागद मात्र कोणी परत आणले नव्हते. बँकेच्या ज्या शाखेने ते ठेवून घेतले, ती मधल्या काळात दोनदा हलली होती. सात हेलपाटे आणि तीन लेखी अर्ज झाल्यावर फाईल सापडली. आता नियम बदलला आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देणं बँकांना रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. तुमचं कर्ज फिटलं असेल तर बेबाकी दाखला आणि मूळ कागद याच महिन्यात घरी आणा. विकायचं नसलं तरी आणा.

वकीलबाईंबरोबर मी एकदा दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या नोंदींचा शोध घ्यायलाही गेले. तीस वर्षांत या घरावर काय काय नोंदलं गेलं ते पाहायचं असतं. २००२ पासून दस्तनोंदणी संगणकावर आली, त्याआधीचं सगळं सूची दोनच्या जाड वह्यांमध्ये, हाताने लिहिलेलं. वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असल्याने आमची सिमेंटची गल्ली तिथे अजून 'मौजे कोथरूड, तालुका हवेली' होती. सर्व्हे नंबरावर बोट ठेवून वकीलबाई ओळी उतरत होत्या. जिथे पान फाटलेलं होतं तिथे त्यांनी सालासह तसं टिपून घेतलं आणि अहवालातही लिहिलं. ज्या अहवालात असं काहीच लिहिलेलं नसतं, त्यावर मी तरी आता चटकन विश्वास ठेवणार नाही. घेणाऱ्यांनी स्वतःही नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ई-सर्च करावा. शेजारचं घर खरोखर किती रुपयांना नोंदलं गेलं ते तिथे दिसतं आणि एजंटाच्या तोंडचा भाव पडताळता येतो.

आमचं घर घेणारं जोडपं टेप घेऊनच आलं होतं. खरेदीखतात ६५० चौरस फूट बिल्ट-अप. त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं ते ५२० भरलं. आईला राग आला. मला ते आवडलं. त्यांनी विसार देतानाही एक अट लिहून घेतली, कर्ज मंजूर झालं नाही तर रक्कम परत. आम्हीही एक घातली, पूर्ण पैसे जमा झाल्याशिवाय ताबा नाही. घर त्यांनी एकट्या बायकोच्या नावावर घेतलं. घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुण्यात सातऐवजी सहा टक्के. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्यामुळे एक टक्का टीडीएस त्यांनी कापून आईच्या पॅनवर भरला. भाऊ मालक राहिला असता तर अनिवासी म्हणून त्याच्या हिश्शाला वेगळे, चढे दर लागले असते.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आई अडीच तास बाकावर बसली होती. तिच्या गुडघ्यांमुळे अधिकाऱ्यांना फी भरून घरी बोलावता आलं असतं, पण ती म्हणाली, मीच जाते. आत एका भिंतीशी कॅमेरा, टेबलावर अंगठ्याचं यंत्र. पंचेचाळीस वर्षं भांडी घासलेला अंगठा यंत्राला उमटेना. कारकुनाने ओल्या रुमालाने तो पुसून दिला, चौथ्यांदा उमटला. दस्तात ती 'लिहून देणार', समोरची मुलगी 'लिहून घेणार'. अधिकाऱ्याने विचारलं, "दस्त वाचलात? मान्य आहे?"

"मान्य आहे," आई म्हणाली. "वाचलाय. दोनदा."

ताब्याच्या दिवशी आम्ही सगळे जिन्याखाली मीटरपाशी उभे होतो. त्या मुलीने आकड्याचा फोटो काढला, मी एका कागदावर तारीख आणि युनिट लिहिले, दोघींनी सह्या केल्या. मालमत्ता कराची शेवटची पावती आणि सोसायटीचं 'बाकी नाही' पत्र तिने फाईलमध्ये मागे लावलं. मग पायरीवर बसून तिने सगळे कागद पुन्हा काढले आणि मांडीवर सालाप्रमाणे लावायला लागली. १९८६पासून.